घोडनदीकाठची नावं

पुणे–नाशिक महामार्गावर मंचर मागे पडलं की नारायणगाव येण्याआधी कळंब लागतं. घोडनदीवरचा पूल, रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस, मधूनच कांद्याचं नाहीतर टोमॅटोचं वावर आणि फाट्यावरची दुकानं एवढं दिसेपर्यंत गाडी पुढे निघून जाते. शिवनेरीला जाणारे, लेण्याद्री आणि ओझरच्या गणपतीला जाणारे, नाशिक-शिर्डीकडे निघालेले असे सगळे इथून जातात, पण कळंबला कुणी मुद्दाम उतरत नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांचा इतिहास सांगायला बसलेला माणूससुद्धा बहुधा किल्ल्यापासून सुरुवात करतो, नाहीतर नाणेघाटापासून. मला ती सुरुवात कळंबपासून करावीशी वाटते. इथे उभं राहिलं की नदी वर कुठून आली आणि खाली कुठे गेली हे डोळ्यांसमोर राहतं, आणि या नदीनं पाहिलेल्या माणसांपैकी नाव कुणाचं उरलं आणि कुणाचं गेलं हा प्रश्न आपसूक उभा राहतो.

घोड आहुप्याच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते. डिंभ्याला धरणात अडते, तिथून सुटून घोडेगावजवळून कळंबला येते. पुढे तिला मीना मिळते, नंतर कुकडी मिळते आणि शेवटी ती भीमेत जाते. वरच्या अंगाला पाऊस इतका की भात पिकतो आणि डोंगर खचतात. खालच्या अंगाला शिरूर तालुक्यात पोहोचेपर्यंत पाऊस आटतो. एकाच नदीच्या दोन टोकांना दोन वेगळे देश असावेत तसं हे आहे. कळंब त्या दोन्हींच्या सांध्यावर आहे.

आधी खाली जाऊ. कळंबहून नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं की शिरूर तालुक्यात इनामगाव लागतं. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ ते १९८३ या काळात इथे उत्खनन केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्या कामातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात घोडेच्या काठी शेतकऱ्यांची एक वसाहत नांदत होती. शंभराहून अधिक घरं सापडली. पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता आणि त्याच्या कडेनं दगडामातीचा बांध घातला होता. आज आपण कालव्यांबद्दल बोलतो, पण घोडेचं पाणी शेताकडे वळवायची खटपट तीन हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली आहे. पाच खोल्यांचं एक मोठं घर आणि त्याला लागून धान्याचं कोठार सापडलं. ते गावच्या प्रमुखाचं असावं असं संशोधकांनी मानलं. मुलं दगावली की दोन रांजणांची तोंडं जोडून त्यात त्यांना ठेवत आणि घराच्याच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांना पुरताना पावलं तोडलेली आढळली. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू असावा.

इनामगावच्या कथेतला मला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग शेवटचा आहे. इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास हवामान कोरडं होत गेलं, शेती बसली. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. धान्य कमी झालं तशी शिकार आणि जनावरांवरची भिस्त वाढली. आणि शेवटी माणसं तिथून उठून गेली. पावसानं पाठ फिरवल्यावर या पट्ट्यातल्या कुटुंबांनी काय केलं, याची ही सगळ्यात जुनी नोंद आहे. त्यांची हाडं, गाडगी, चुली आणि धान्याचे जळके दाणे आपल्याला मिळाले, नाव मात्र एकाचंही मिळालं नाही. लिहिण्याची कला इथे पोहोचायला अजून काही शतकं जायची होती.

ती पोहोचली ती जुन्नरच्या बाजूनं. कळंबहून उत्तरेला नारायणगाव, तिथून पश्चिमेला जुन्नर. कोकणातलं कल्याण आणि घाटावरची बाजारपेठ यांना जोडणारा नाणेघाट म्हणजे सातवाहनांच्या सत्तेची नस होती. घाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिच्या घराण्यानं केलेले यज्ञ आणि दिलेली दानं त्यात नोंदली आहेत. त्याच लेण्यात मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या फुटून गेल्या, वरची नावं राहिली. १८२८ मध्ये कर्नल साईक्स तिथे पोहोचला आणि त्यानं हे लेणं बाहेरच्या जगाला कळवलं. घाटातल्या दगडी रांजणाला लोक जकातीचा रांजण म्हणतात.

हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं. पुस्तकात कमी येणारी आणि मला नाणेघाटापेक्षाही मोलाची वाटणारी गोष्ट जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत आहे. तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. देशात एका गावाभोवती एवढी लेणी क्वचितच सापडतील. ती कुणी दिली, हे तिथल्या लेखांत कोरलेलं आहे. भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख १८८१ मध्ये पुस्तकरूपानं छापले आणि त्यांत जुन्नरचेही आले. ते वाचताना राजे मागे पडतात आणि बाजारपेठ पुढे येते. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. बुरूडकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून ठेवले होते, त्याच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालावं म्हणून. म्हणजे बुरूड आणि कासार यांच्या संघटना दोन हजार वर्षांपूर्वी लोकांच्या ठेवी सांभाळत होत्या, आणि लोकांचा त्यांच्यावर इतका विश्वास होता की तो व्यवहार दगडात कोरला गेला.

कल्याणच्या सुलसदत्तानं लेण्याद्रीचं चैत्यगृह दिलं. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली, चित नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम यानं मंडप आणि टाकं दिल्याची नोंद आहे. आणि अदुथुम नावाच्या एका शकाची नोंद तर वाचून विसरता येत नाही. तो कोणाचिक श्रेणीचा उपासक होता. त्यानं एका गावातली वीस निवर्तनं जमीन करंजाची झाडं लावायला आणि दुसऱ्या गावातली नऊ निवर्तनं वडाची झाडं लावायला नेमून दिली. कुठून कुठून आलेली ही माणसं इथल्या मातीत इतकी मिसळली होती की ती इथे झाडं लावत होती. या पट्ट्यातलं ‘मूळचं कोण आणि बाहेरचं कोण’ हे भांडण कुणी काढलंच, तर त्याला मानमोडीच्या डोंगरावर नेऊन हा लेख दाखवावा असं मला वाटतं.

पण एक नोंद या लेखांतून मिळत नाही. दान देणाऱ्याचं नाव कोरलं गेलं, छिन्नी चालवणाऱ्याचं कोरलं गेलं नाही. अर्धवट सोडलेल्या लेण्यांत छिन्नीचे घाव अजून ताजे दिसतात. खडक कुठे दगा देईल याचा अंदाज असलेल्या, वरून खाली खोदत येण्याचं तंत्र जाणणाऱ्या कितीतरी पिढ्या या डोंगरांत खपल्या. त्या कोण होत्या, पुढे कुठे गेल्या, आजच्या वडार-बेलदार-पाथरवटांशी त्यांचं नातं काय, याचा शोध घेणं हे एक मोठं काम आहे.

मधली शतकं मी भरभर ओलांडतो, कारण त्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. १४९० मध्ये मलिक अहमदनं निजामशाही उभी केली तेव्हा जुन्नर त्याच्या हातात होतं. पुढे मलिक अंबरच्या काळात ते काही काळ राजधानीही होतं. १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. १६५७ मध्ये त्यांनी मोगलांच्या ताब्यातल्या जुन्नरवर छापा घातला. या धामधुमीत एक समाज शांतपणे आपलं काम करत होता, तो कागदी लोकांचा. जुन्नरी कागद प्रसिद्ध होता. चिंध्यांचा आणि तागाचा लगदा कुटून, साच्यावर उचलून, खळ देऊन, घोटून तो तयार होई. हे काम मुसलमान कागदी घराण्यांच्या हाती होतं. मराठी राज्याचा कारभार ज्या कागदावर चालला त्यात जुन्नरी कागदाचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी रुमाल उलगडताना आपण मजकूर वाचतो, कागद करणाऱ्याचा विचार करत नाही. यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गॅझेटियर तयार होत होतं तेव्हाच त्याला उतरती कळा लागलेली होती.

आता नदीच्या वरच्या अंगाला जाऊ. घोडेगावच्या पश्चिमेला महादेव कोळ्यांचा मुलूख सुरू होतो. या समाजाचा इतिहास फार विचित्र कागदांत जपला गेला आहे. मोगलांशी झालेल्या संघर्षात शिवनेरीवर पकडून आणलेल्या कोळ्यांची कत्तल झाली, अशी परंपरा आहे. त्या जागेला काळा चौथरा म्हणतात. इंग्रज आले तेव्हा त्यांनी या लोकांविषयी लिहिलं ते बंदोबस्तासाठी. कॅप्टन मॅकिंटॉशनं महादेव कोळ्यांचा तपशीलवार वृत्तांत लिहिला. त्यांच्या कुळी, देव, लग्नाच्या चालीरीती सगळं त्यात आहे, पण लिहिणारा त्यांच्या पाठलागावर होता हे विसरून तो वाचता येत नाही.

पुढच्या काळातल्या अशाच कागदांत आंबेगाव तालुक्यातल्या जांभोरीचा होनाजी भागोजी केंगले भेटतो. सरकारी कागद त्याला होन्या म्हणतात. १८७३ च्या सुमारास त्यानं टोळी उभारली आणि सावकारांना लक्ष्य केलं. कर्जाची खतं आणि गहाणाचे कागद यांत शेतकरी बुडाला होता. होनाजीची माणसं सावकारांची नाकं कापत, अशी नोंद आहे. दोनच वर्षांनी, १८७५ मध्ये, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली आणि दख्खनचे दंगे म्हणून ते प्रकरण इतिहासात गेलं. सुप्याचं नाव पुस्तकात आलं, जांभोरीचं पोलिसांच्या दप्तरात राहिलं. राग दोघांचा एकाच गोष्टीवर होता. १८७६ मध्ये मेजर डॅनियलनं होनाजीला पकडलं. नाक कापणं हे क्रूर कृत्य होतं, ते झाकायचं कारण नाही. पण एखाद्या समाजाचा सगळा इतिहास त्याला पकडायला आलेल्याच्या हस्ताक्षरात उरतो, तेव्हा दुसऱ्या बाजूची कागदपत्रं मिळणार नाहीत हे धरून आजी-आजोबांची तोंडी आठवण नोंदवणं भागच असतं. जांभोरी, आहुपे, असाणे, तळेघर या बाजूला ती आठवण अजून जिवंत आहे. आणखी वीस वर्षांनी ती तशी सापडेल असं मला वाटत नाही.

आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव आज डिंभे धरणाच्या पोटात आहे. तालुक्याचं ठाणं घोडेगावला, बाजारपेठ मंचरला, आणि नाव पाण्याखालच्या गावाचं. आंबेगाव ही घोडेच्या खोऱ्यातली जुनी पेठ होती. भीमाशंकरच्या डोंगरातला हिरडा, मध, लाकूडफाटा आणि भात तिथल्या बाजाराला उतरे. त्याला पोटात घेणारं डिंभे हे कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक; बाकीची येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की जुन्या देवळांचे अवशेष उघडे पडतात आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात. फोटोखालच्या मजकुरात देवळाचं वय असतं. तिथून उठलेल्या कुटुंबांचं पुढे काय झालं, ते सहसा नसतं.

त्यांतल्या अनेक आदिवासी कुटुंबांनी धरणाच्या काठावरच उंचावर मुक्काम ठोकला. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी ‘शाश्वत’ या संस्थेच्या माध्यमातून त्यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलं. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याचा हक्क आणि जलाशयातल्या मासेमारीचा हक्क, यासाठी ही माणसं झगडली. उतारावर दगडांचे बांध रचून भातखाचरं तयार करण्याची इथली जुनी पद्धत आहे, तिला पडकई म्हणतात. एकमेकांच्या शेतावर सावडीनं जाऊन हे बांध घातले जातात. रोजगार हमीतून हे काम करता यावं यासाठी त्यांनी पाठपुरावा केला. २०१२ मध्ये ‘शाश्वत’ला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. लेण्यांइतकंच पडकईचे बांधही या प्रदेशाचं शिल्प आहे, असं मी मानतो. ते खचले की पुन्हा रचावे लागतात, म्हणून त्यांवर कुणाचं नाव कोरलं जात नाही.

३० जुलै २०१४ च्या सकाळी याच बाजूच्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसं गेली. गाव दिसेनासं झाल्याचं नेहमीच्या एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं आणि बातमी बाहेर पडली. ती बस तिथे जात नसती तर किती वेळ कुणाला पत्ता लागला नसता, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. पुनर्वसित माळीण २०१७ मध्ये आमडे इथे उभं राहिलं.

डिंभ्याच्या जलाशयाचं अधिकृत नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू सैद हा याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. कळंबहून ते गाव अगदी जवळ आहे. १९०८ मध्ये गरीब शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. बाप लवकर गेला, घर मुंबईला गेलं आणि बाबू गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीच्या रस्त्यावर परदेशी कापडानं भरलेली लॉरी अडवायला तो आडवा झाला आणि लॉरी त्याच्या अंगावरून गेली. तो बावीस वर्षांचा होता.

बाबू गेनूकडे एकटा हुतात्मा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला आहे. त्याच्यामागची वाट मला जास्त बोलकी वाटते. जुन्नर, आंबेगाव, खेड या तालुक्यांतून मुंबईला जाणारी रांग कितीतरी पिढ्या चालू होती आणि अजून आहे. गिरण्या, गोदी, हमाली, कांदा-बटाट्याचा बाजार. गावाच्या मालकीच्या खोलीत एका गावची दहा-वीस माणसं राहत, पाळीनं झोपत, खानावळीत जेवत आणि पगारातून गावच्या देवळासाठी, शाळेसाठी, जत्रेसाठी वर्गणी काढत. या भागातल्या अनेक शाळांच्या आणि देवळांच्या भिंतींवर देणगीदारांच्या संगमरवरी फरशा आहेत. त्यांवर नावापुढे मुंबईकर मंडळाचा उल्लेख हमखास दिसतो. जुन्नरच्या धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीनं लेणं दिलं आणि मुंबईच्या गावकरी मंडळानं शाळेची खोली दिली, यांत मला फार अंतर दिसत नाही. फक्त पहिल्या लेखाला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, आणि जीर्णोद्धार निघाला की दुसरी फरशी रात्रीत उखडली जाते. या मंडळांची वर्गणीची पुस्तकं, सभासदांच्या याद्या, खोल्यांचे भाडेकरार यांना इतिहासाची साधनं म्हणून कुणी हात लावलेला नाही.

त्याच वर्गणीतून जत्रेला तमाशा ठरतो, आणि तमाशा ठरवायला नारायणगावला जावं लागतं. जत्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पुढारी येतात, तारखा पाहतात, सुपारी ठरते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर या गावच्या. १९३५ मध्ये जन्म, वडील भाऊ मांग आणि चुलते बापू यांचा फड घरातच. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये गौरव झाला. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना फडावर नाचताना कळा आल्या, तेव्हा कनातीमागे बाळंत होऊन त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. ती कौतुकानं सांगितली जाते याचा मला त्रास होतो. बाळंत झालेल्या बाईला त्या रात्री विश्रांती मिळू शकली नाही, ही प्रेक्षकांची आणि त्या धंद्याच्या अर्थकारणाची गोष्ट आहे. १५ जानेवारी २००२ ला त्या गेल्या तेव्हा परिस्थिती हलाखीची होती. आता राज्य सरकार तमाशा कलावंतांना त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

त्यांच्या नावात बाप, जात आणि गाव तिन्ही आहेत. जात लपवून नाव मिळवता आलं असतं अशा काळात या घराण्यानं ती फडाच्या पाटीवर लिहिली. ढोलकी, हलगी, वग, बतावणी या कलेचा मोठा भार मांग, महार, कोल्हाटी समाजांनी उचलला. गावानं टाळ्या दिल्या, वेशीच्या आत जागा मात्र सहजासहजी दिली नाही. या दोन तालुक्यांच्या इतिहासाचं कुठलंही पुस्तक शिवनेरीला पन्नास पानं देत असेल, तर नारायणगावच्या राहुट्यांना निदान दहा मिळायला हवीत.

नारायणगावपासून जवळच खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. रेडिओलहरींचा गोंगाट कमी, म्हणून ही जागा निवडली गेली. पुणे–नाशिक रेल्वेच्या आखणीत पुढे त्याच शांततेचा प्रश्न आडवा आला. कल्याणचा माल नाणेघाटातून कुठल्या गावावरून न्यायचा, हा वाद दोन हजार वर्षांपूर्वीही झाला असेल.

आणि कळंब? इथे लेणं नाही, किल्ला नाही. इथला इतिहास तलाठ्याच्या दप्तरात, शाळेच्या जनरल रजिस्टरात आणि विहिरींत आहे. शाळेच्या जुन्या रजिस्टरात मुलाचं नाव, जात, बापाचा धंदा आणि शाळा सोडल्याचं कारण लिहिलेलं असतं. दुष्काळाच्या आणि साथीच्या वर्षांत कुणाची मुलं शाळेतून उठली, हे त्यातून घराघरानिशी कळू शकतं. फेरफार नोंदींत कूळकायद्यानंतर जमिनी कशा फिरल्या ते आहे. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर कुणाचं नाव सातबाऱ्यावर चढलं आणि कुणाचं कूळ म्हणून लागायच्या आधीच काढून टाकलं गेलं, हे त्यात शोधता येतं. १९५८ च्या कायद्यानं महारवतन संपलं, त्या जमिनींचं पुढे काय झालं तेही तिथेच आहे. त्याआधीचे कागद मोडीत आहेत, आणि घरोघरच्या पेट्यांत ते वाळवीच्या तोंडी आहेत. मोडी वाचणारं माणूस गावात उरलेलं नसतं. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग चालतात. कळंब, एकलहरे, चांडोली, नागापूर, महाळुंगे अशा आजूबाजूच्या गावांतून एकेक मुलगी किंवा मुलगा तिथे गेला, तर दोन-तीन वर्षांत या पट्ट्याचे कागद वाचून होऊ लागतील.

महामार्ग रुंदावताना रस्त्याकडेच्या कितीतरी विहिरी बुजतात. विहीर बुजवण्याआधी भूसंपादनाच्या पंचनाम्यात तिची लांबी, रुंदी, खोली आणि बांधकामाचा प्रकार लिहिला जातो, आणि नुकसानभरपाई कुणाला, तेही. विहीर कुणी खणली याचा रकाना त्या छापील नमुन्यात नाही. गावातली म्हातारी माणसं मात्र सांगू शकतात की अमुक विहिरीचा खडक फोडायला वडारांचं बिऱ्हाड किती उन्हाळे पांदीला पाल ठोकून राहिलं होतं. चौकशीची सुरुवात तिथून करता येईल.